कळीची पारख : पिओनीच्या व्यापारी वाणांची ओळख

बागेतली पिओनी आणि बाजारातली पिओनी एकाच झाडावर येत असली, तरी दोघींची परीक्षा वेगवेगळ्या वेळी होते. बागेतल्या फुलाकडे आपण ते पुरते उमलल्यावर पाहतो. पाकळ्यांची दाटी, रंग, वास, झुडपाचा घेर हे सगळे तेव्हा समोर असते. बाजारासाठीचे फूल मात्र कळीतच कापतात. मग ते कागदात गुंडाळलेले, शून्य ते एक अंश सेल्सिअसच्या थंडीत पडून राहते. कधी चार दिवस, कधी चार आठवडे. त्यानंतर ट्रक, विमान, पुन्हा ट्रक. शेवटी भलत्याच देशात, भलत्याच हवेत, ठरल्या दिवशी त्याने उमलायचे असते. नोंद झालेले पिओनीचे वाण हजारोंनी आहेत. त्यांतले या परीक्षेला उतरून जगाच्या फूलबाजारात टिकलेले मोजकेच. ते कोणते, तिथवर कसे पोचले आणि एकाच्या जागी दुसरे घेतले तर काय बिघडते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ज्यांनी पिओनी फक्त लग्नाच्या मांडवात किंवा फोटोत पाहिली आहे, त्यांच्यासाठी आधी झाडाची ओळख करून देतो. पिओनीच्या सुमारे तीस प्रजाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा मऊ खोडाच्या: हिवाळ्यात वरचा सगळा पाला वाळून जातो आणि जमिनीखाली जाडजूड मुळे व त्यांच्या माथ्यावरचे लालसर डोळे तेवढे जिवंत राहतात. उसाच्या बेण्याचे डोळे ओळखणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. लागवडही डोळ्यांवरच ठरते. तीन ते पाच डोळ्यांचा मुळाचा तुकडा घ्यायचा आणि डोळे जमिनीखाली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर राहतील असा लावायचा. खोल गेला की झाड पाने देते आणि फुले देत नाही. दुसरा गट लाकडी खोडाचा, झुडूप होऊन राहणारा. चीनमध्ये ‘मुदान’ म्हणून ज्याला राजाचा मान आहे तो हाच. त्याचे फूल थोराड आणि देखणे, पण दांडा आखूड आणि पाण्यातले आयुष्य थोडे. म्हणून लांब दांड्याच्या फुलांच्या व्यापारात त्याला फारशी जागा मिळाली नाही. तिसरा गट या दोघांच्या संकराचा. त्याच्याकडे पुढे येऊ.

व्यापाराचा सारा डोलारा उभा आहे तो पहिल्या गटातल्या एका प्रजातीवर, लॅक्टिफ्लोरावर. सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन हे तिचे घर. चिनी लोक तिला ‘शाओयाओ’ म्हणतात आणि तिचे मूळ शतकानुशतके औषधात वापरतात. सोंग राजवटीत ओयांग शिऊने १०३४ मध्ये लुओयांग शहरातल्या मुदानांवर पुस्तक लिहिले. पुढे १०७५ मध्ये वांग ग्वानने यांगझोऊच्या शाओयाओंची वाणवार नोंद केली. म्हणजे ‘हा वाण वेगळा, त्याला नाव द्या, त्याची लक्षणे लिहून ठेवा’ ही रीत या फुलाच्या बाबतीत साडेनऊशे वर्षांची आहे. युरोपला ही प्रजाती उशिरा मिळाली. तिथे त्याआधी मठांच्या औषधी बागांमध्ये ऑफिसिनॅलिस नावाची, भूमध्य समुद्राकडची पिओनी होती. तिचा लाल रंग गडद, पण तेवढ्यावरच तिची गोष्ट संपत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनहून लॅक्टिफ्लोराचे दुहेरी वाण इंग्लंडला आणि फ्रान्सला पोचले, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला.

हा खेळ खऱ्या अर्थाने फ्रेंचांचा. आजच्या कुठल्याही फूलबाजारात पांढऱ्या आणि गुलाबी पिओनीच्या पेट्या उघडल्या, तर त्यांतल्या किती नावांखाली एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर आणि पूर्व फ्रान्सचा पत्ता निघतो हे पाहून मी दरवेळी थक्क होतो. ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’, पांढरी, मध्ये कुंकवाचे शिंतोडे उडाल्यासारखी, लीलजवळच्या मिएलेने १८५१ मध्ये आणली. ‘डचेस द नेमूर’, पांढरीच पण गाभ्यात हिरवट-पिवळी झाक असलेली आणि सुगंधी, ही कालोची, १८५६ ची. ‘मस्यो ज्यूल एली’ नावाची मोठी गुलाबी १८८८ ची, नान्सी शहरातल्या फेलिक्स क्रूसची. कालोचा संग्रह क्रूसकडे आला आणि क्रूसचा त्याच शहरातल्या व्हिक्तोर लमॉइनकडे. एका माणसाने निवडलेली रोपे दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याने त्यांतून पुढची निवड केली, असे तीन पिढ्यांचे काम त्यामागे आहे. या वंशावळीच्या शेवटी, १९०६ मध्ये, लमॉइनच्या रोपवाटिकेतून ‘सारा बर्नहार्ट’ बाहेर पडली. फ्रेंच रंगभूमीवरच्या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या अभिनेत्रीचे नाव तिला दिले होते.

‘सारा बर्नहार्ट’जवळ जरा थांबायला हवे, कारण व्यापारी वाण म्हणजे काय ते तिच्याइतके दुसरे कोणी शिकवत नाही. सफरचंदाच्या मोहोरासारखा फिका गुलाबी रंग, पाकळ्यांच्या कडा रुपेरी, फूल भरगच्च. पण बागेतल्या माणसाला विचारा, तो तक्रार करील. फूल उमलून जड झाले की दांडा वाकतो, आणि एक पाऊस पडला की सगळे झुडूप जमिनीला टेकते. टेकू दिल्याशिवाय तिचा निभाव लागत नाही. हाच दोष व्यापारात आपोआप नाहीसा होतो. कारण ज्या दिवशी दांड्यावर त्या फुलाचा भार पडायचा, त्या दिवशी फूल शेतात नसतेच. शेतात असते ती कळी, आणि तिला उचलून धरायला तो दांडा पुरेसा आहे. उलट तिचे गुण नेमके व्यापाऱ्याला हवे ते: झाड दमदार, दांडे भरपूर आणि लांब, कळी थंडीत बरेच दिवस झोपणारी आणि पाण्यात ठेवल्यावर भरवशाने उठणारी. शंभराहून अधिक वर्षे झाली, गुलाबाचे व्यापारी वाण या काळात कितीदा आले आणि गेले, पण हॉलंडच्या शेतांत ‘सारा बर्नहार्ट’ आजही आघाडीवर आहे.

गुलाबाशी केलेली ही तुलना तळेगावच्या किंवा मावळातल्या फुलशेतकऱ्याला लगेच भिडेल. पॉलिहाऊसमधला गुलाब काही वर्षांत जुना होतो, नवा वाण घ्यावा लागतो, त्याची रॉयल्टी भरावी लागते. पिओनीत तसे का झाले नाही? कारण ती वाढवणे कमालीचे संथ आहे. बी पेरल्यापासून पहिले फूल यायला चार-पाच वर्षे. त्यातले एखादे रोप आवडले, तर ते वाढवायचे मुळे फोडूनच, आणि तीन-चार वर्षांनी एका झाडाचे मोजके तुकडे निघतात. ऊतिसंवर्धन पिओनीत अजून गुलाबासारखे सोपे झालेले नाही. त्यामुळे आज निवडलेला वाण हजारो झाडांपर्यंत पोचायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. जुने वाण टिकले ते केवळ गुणांवर नाही. त्यांची झाडे पुरेशी होती, हेही कारण आहे. नवा वाण कितीही सरस असला तरी त्याला आधी संख्येची ही चढण चढावी लागते.

दुसरी मोठी परंपरा अमेरिकेची. तिथे पिओनीला एक ठरावीक गिऱ्हाईक होते: मे महिन्याच्या अखेरीस येणारा, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी थडग्यांवर वाहायला फुले लागत, आणि पिओनीच्या कळ्या शीतगृहात राखून त्या तारखेला बाहेर काढण्याची रीत तिथे पडली. मिझुरी राज्यातले सारकॉक्सी हे छोटे गाव या व्यवसायावर नावारूपाला आले. तिथून फुले रेल्वेने रवाना होत. १९०३ मध्ये अमेरिकन पिओनी सोसायटी स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे मोठे काम होते नावांचा गोंधळ निस्तरण्याचे, कारण एकच वाण चार रोपवाटिका चार नावांनी विकत. ‘कार्ल रोझेनफील्ड’ हा लाल वाण १९०८ चा आणि अजून चालतो.

पण अमेरिकेचे खरे देणे वेगळे आहे. लॅक्टिफ्लोरापाशी पांढरा, गुलाबी आणि लाल यांपलीकडे फारसे रंग नव्हते. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे ए. पी. सॉन्डर्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगवेगळ्या प्रजातींचे संकर पद्धतशीर करून पाहिले. दक्षिण युरोपातल्या पेरेग्रिना प्रजातीचे रक्त लॅक्टिफ्लोरात मिसळले, तेव्हा पोवळ्याच्या रंगाच्या पिओनी जन्माला आल्या. हे संकर लवकर फुलतात, दांडे ताठ असतात. लायमन ग्लासकॉक यांचा ‘रेड चार्म’ (१९४४) ऑफिसिनॅलिसच्या संकरातून आला, आणि गोळ्यासारखी घट्ट, लाल फुले हवी तिथे आजही त्याला मागणी आहे. सॅम्युअल विसिंग यांनी १९६४ मध्ये ‘कोरल चार्म’ नोंदवली. तिला सोसायटीचे सुवर्णपदक १९८६ मध्ये मिळाले आणि फूलबाजारात ती सर्वदूर दिसू लागली ती त्याच्याही नंतर. संख्येच्या चढणीबद्दल वर म्हटले, ते असे.

‘कोरल चार्म’ने व्यापाराला नवा धडा दिला. ही कळी उमलताना गडद पोवळ्याच्या रंगाची असते, मग पीचसारखी होते आणि झडण्याआधी फिकी पिवळसर मलईसारखी. तीन दिवसांत एकाच फुलदाणीत तीन रंग. घरी ठेवणाऱ्याला याचे कौतुक. लग्नाच्या सजावटकाराला मात्र हे आधी माहीत नसेल तर मांडवाची सगळी रंगसंगती संध्याकाळपर्यंत बदललेली दिसेल. शिवाय ती उबेत फार झपाट्याने उमलते. ‘सारा बर्नहार्ट’च्या हिशेबाने तिला दोन दिवस आधी पाण्यात ठेवली, तर मुहूर्ताच्या वेळी पाकळ्या गळायला लागलेल्या असतात. वाणाचे नाव न पाहता फक्त ‘पिओनी, गुलाबी’ एवढीच ऑर्डर देणाऱ्याचे नुकसान होते ते इथे.

तिसरा प्रवाह जपानचा. तोइची इतो यांनी १९४८ मध्ये मऊ खोडाच्या आणि लाकडी खोडाच्या पिओनींचा संकर साधला. त्याआधी तो कुणाला जमला नव्हता. फुले पाहण्यापूर्वीच, १९५६ मध्ये, इतो वारले; रोपे त्यांच्या सहकाऱ्याने वाढवली, आणि त्यांतले पिवळे वाण पुढे अमेरिकेत नोंदवले गेले. १९८६ चा ‘बार्ट्झेला’ हा रॉजर अँडरसन यांचा लिंबू-पिवळा वाण या गटातला आज सर्वांत परिचित. खरा पिवळा रंग पिओनीच्या बाजारात आला तो यांच्यामुळे. दांडे अजून आखूड आणि किंमत चढी, म्हणून हा गट मुख्यतः बागांचाच आहे. पण उत्पादक त्याच्याकडे डोळे लावून बसले आहेत.

आता हंगामाबद्दल. पिओनीला थंडी लागते, आणि थोडीथोडकी नाही. इस्रायलच्या व्होल्कानी संशोधन केंद्रात रीना कामेनेत्स्की यांच्या गटाने यावर बारकाईने काम केले आहे: डोळ्यांची झोप मोडायला साधारण दोन महिने दोन ते सहा अंशांची थंडी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर कोंब कमी फुटतात, कळ्या करपतात. गुलाबासारखे छपराखाली वर्षभर फूल काढता येत नाही, म्हणून व्यापारच हिवाळ्याच्या मागे जगभर फिरतो. एप्रिलमध्ये दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातली आणि इटलीतली फुले येतात, मे-जूनमध्ये हॉलंडची लाट. जुलै ते सप्टेंबर पूर्वी पोकळ जात असे. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठात पॅट्रिशिया हॉलोवे यांनी २००१ मध्ये चाचणी लागवड केली आणि दिसले की बाकी उत्तर गोलार्धातली पिओनी संपते तेव्हा अलास्काची सुरू होते. पुढे तिथे या फुलाची शेतेच्या शेते उभी राहिली. ऑक्टोबरपासून न्यूझीलंड, मग दक्षिण चिलीचा पार टोकाचा मागालानेस प्रांत. अलीकडे चीनमध्येही शाओयाओची कळी मोठ्या प्रमाणावर कापून विकतात, आणि त्यातली बरीच तिथल्याच शहरांत खपते. हंगामाची ही साखळी जोडली गेली ती शीतगृहामुळे, आणि शीतगृहात कोण किती टिकतो यावर वाणांची प्रतवारी ठरली.

कापणीची वेळ हा या साऱ्या व्यवहाराचा गाभा. शेतकरी दिवसातून दोनदा-तीनदा ओळींतून फिरतो आणि कळी अंगठा व बोट यांच्यात धरून हलकी दाबतो, आंबा उतरवण्याआधी देठाजवळ चाचपून पाहतात तशी. दगडासारखी कडक कळी कापली तर ती कधीच उमलत नाही. फार मऊ कापली तर पेटीतच फुटते. नेमकी मऊपणाची पायरी प्रत्येक वाणाची वेगळी: ‘सारा बर्नहार्ट’सारखी भरगच्च पाकळ्यांची कळी बरीच मऊ होऊ द्यावी लागते, तर कमी पाकळ्यांची ‘कोरल चार्म’ अजून कडक असतानाच घ्यावी लागते. दांडा कापताना खाली पाने राखायची, कारण पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांनी मुळात भरलेल्या अन्नावर येते. लागवडीनंतर पहिली दोन वर्षे तर कात्री लावायचीच नाही. एवढा धीर धरला की तेच शेत दहा-पंधरा वर्षे फुले देते. भीती असते ती ओलाव्याची: करड्या बुरशीने, म्हणजे बोट्रायटिसने, शेतात धरलेली कळी शीतगृहात गेल्यावर काळी पडते आणि शेजारणींनाही घेऊन जाते.

कळीवर बाहेरून एक गोड चिकटा सुटतो. मुंग्या त्यासाठी येतात. मुंग्यांशिवाय पिओनी उमलत नाही अशी समजूत अनेक देशांत आहे, ती खरी नाही. निर्यातदाराला तर त्या झटकूनच पाठवाव्या लागतात. पण हा चिकटा वाळला की वरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून बसतात. मुंबईतल्या एखाद्या फुलवाल्याकडे पेटी उघडते, दांड्यांची टोके तिरपी छाटून कोमट पाण्यात ठेवतात, आणि रात्र उलटली तरी दोन-चार कळ्या तशाच मिटलेल्या. वाकबगार कारागीर त्या फेकत नाही. कळी कोमट पाण्याच्या धारेखाली धरतो, बोटांनी हळुवार चोळून चिकटा धुतो, वरची पाकळी किंचित सैल करतो. तासाभरात ती हलू लागते. लांबचा प्रवास करून आलेल्या, महागड्या फुलाच्या बाबतीत हे ज्ञान म्हणजे रोख पैसा आहे, आणि मराठीत ते कुठे लिहिलेले मला सापडले नाही.

हे पुस्तक आत्ता लिहावेसे वाटले त्याचे हे एक कारण. दुसरे कारण हवामानाचे. जिथे हिवाळे उबदार होत चालले आहेत, तिथे कमी थंडीवर भागणारे वाण कोणते हा प्रश्न आज ऐच्छिक राहिलेला नाही. जगाचा व्यापार इतक्या थोड्या वाणांवर उभा असताना एखाद्या वाणाची थंडीची गरज भागेनाशी झाली, तर एका देशाचा हंगाम कोलमडू शकतो. सॉन्डर्ससारख्यांनी जमवलेली प्रजातींची विविधता अशा वेळी कामी येईल. त्या विविधतेत आपलाही वाटा आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांत पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची एमोडी पिओनी रानात वाढते. युनानी वैद्यकात पिओनीचे मूळ ‘ऊद सलीब’ या नावाने चालते, आणि आपल्याकडे त्यासाठी एमोडीचीही मुळे खणतात. सॉन्डर्स यांचा ‘व्हाइट इनोसन्स’ (१९४७) हा उंच, हिरव्या गाभ्याचा पांढरा वाण याच एमोडीच्या संकरातून झाला. तिचा औषधासाठी होणारा उपसा थांबवून तिचे संवर्धन व्हावे, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मात्र इथेच स्पष्ट सांगायला हवे. पठारावर पिओनीची शेती होणार नाही. महाबळेश्वरची थंडीही तिला पुरत नाही. आकर्षक छायाचित्रे दाखवून कोकणात, देशावर किंवा विदर्भात लावण्यासाठी पिओनीची मुळे विकणाऱ्यांवर कुणीही पैसे घालवू नयेत. हे पुस्तक लागवडीचे नाही. पेटी मागवणारा फुलविक्रेता, मांडव उभारणारा सजावटकार, उद्यानविद्येचा विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहलाने वाचणारा रसिक, यांच्यासाठी ते आहे. फुलशेतकऱ्याने वाचावे ते एका वेगळ्या हेतूने: वाण निवडताना कापणीनंतरचे आयुष्य आधी कसे पाहावे, ही दृष्टी जरबेरा किंवा निशिगंधालाही तितकीच लागू आहे.

वाणांची मांडणी रंगानुसार केलेली नाही. बहुतेक सूचिपत्रे तशी असतात, आणि त्यामुळेच ‘कोरल चार्म’ आणि ‘कोरल सनसेट’ एकमेकींच्या जागी बिनदिक्कत दिल्या जातात. इथे वाण लावले आहेत ते कळीच्या स्वभावानुसार: कोणती कळी कडक घ्यायची, कोणती मऊ, कोणती थंडीत आठवडे काढते, कोणती लवकर विकून मोकळे व्हावे अशी, कोणती एका दिवसात उघडते आणि कुणाला तीन लागतात. दर आठवड्याला हलणारे भाव दिलेले नाहीत. मुदानांवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे, म्हणून त्यांचा उल्लेख संकरांपुरताच आहे. नावे मराठीत लिहिताना उच्चार शक्य तितका मूळचा ठेवला आहे, पण पेटीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहता यावे म्हणून प्रत्येक वाणाच्या नोंदीत त्याचे नोंदणीचे वर्ष आणि तो काढणाऱ्याचे नावही दिले आहे. माल हातात आल्यावर आधी ती चिठ्ठी वाचावी, मग कळी दाबून पाहावी, आणि त्यानंतरच पाण्याचे तास मोजायला घ्यावेत.